स्नायुशिथिलके : स्नायूंची क्रिया व थकवा यांचा परिणाम

शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल ठेवण्यासाठी भूलतज्ज्ञ शिरेतून देतात ती औषधे. कंबरदुखीवरच्या, याच नावाच्या गोळ्या मुख्यतः मज्जासंस्थेवर काम करतात. त्यांचा येथे विचार नाही.

इतिहास : 23 जानेवारी 1942 रोजी माँट्रियल येथे भूलतज्ज्ञ ग्रिफिथ व जॉन्सन यांनी भुलेत क्युरारे हे स्नायुशिथिलक वापरले.

स्नायूंची क्रिया : चेतातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन सुटते, स्नायूवरील ग्राहींना चिकटते आणि स्नायू आकसतो. व्हेक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम ही क्युरारे गटातील औषधे ग्राही अडवतात. अशा स्नायूला एकेकच झटका दिला तर बिघाड फारसा कळत नाही. लागोपाठ काम करायला लावले की उघडा पडतो. म्हणून मनगटाशी, करंगळीच्या बाजूच्या चेतेवर अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार झटके देतात. पहिल्याला अंगठा जोमाने आत वळतो, दुसऱ्याला कमी, चौथ्याला जेमतेम. चौथ्याचे पहिल्याशी प्रमाण निदान 0.9 झाल्याशिवाय श्वासनळीतील नळी काढू नये. ते नुसते बघून ओळखता येत नाही, यंत्राने मोजावे लागते. झटके जास्त वेगाने दिलेल्या स्नायूवर औषधाचा असर लवकर दिसतो. वाढलेला रक्तपुरवठा हे त्याचे एक कारण मानतात.

थकवा : कष्टाने येणाऱ्या नेहमीच्या थकव्याचे मूळ बहुतांशी स्नायुतंतूतच असते, झटक्यागणिक वाढणारी वरील क्षीणता त्याहून वेगळी. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारात मात्र ग्राहीच घटलेले असतात. सकाळी ठीक असलेल्या पापण्या संध्याकाळी उतरतात. अशा रुग्णाला क्युरारे गटातील औषधाची अल्प मात्राही भारी पडते. सक्सिनिलकोलीन हे वेगळ्या गटातील स्नायुशिथिलक मात्र जास्त लागते.

निष्क्रियता : लकवा, भाजणे किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळणे यांत ग्राही वाढून स्नायूभर पसरतात. क्युरारे गटाला दाद कमी मिळते आणि सक्सिनिलकोलीनने रक्तातील पोटॅशियम एकदम वाढून हृदय थांबू शकते.

सर्पदंश : महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालयांत चेता व स्नायू यांच्यातील हीच जोडणी विषाने बंद पडलेली दिसते. नागाचे विष क्युरारेप्रमाणे ग्राही अडवते, म्हणून प्रतिविषाच्या जोडीला अ‍ॅसिटिलकोलीन टिकवून धरणारे नियोस्टिग्मिन, अ‍ॅट्रोपीनसह, उपयोगी पडते. मण्यारीचे विष चेतेचे टोकच निकामी करते. तेथे नियोस्टिग्मिनवर विसंबू नये, कृत्रिम श्वासोच्छ्वासाची तयारी आधीच ठेवावी.