दुरुस्ती : एका फारसी शब्दाचा मराठी संसार

‘तंदुरुस्त’ म्हणताना आपण फारसी जोडशब्द उच्चारत असतो, हे सहसा ध्यानात येत नाही. ‘तन’ म्हणजे शरीर आणि ‘दुरुस्त’ म्हणजे धड, अभंग, बरोबर. मूळ फारसीत ‘दुरुस्ती’ म्हणजेही धडपणाच. मराठीने मात्र तो धडपणा परत आणण्याच्या कामाला हे नाव दिले आणि घड्याळापासून छत्रीपर्यंत सगळे त्याच्या हवाली केले.

शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. दुरुस्ती या दोन्हींतून तगली. मला वाटते, पर्यायी शब्द दुसरीकडे गुंतले होते, म्हणून. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्याला आज आपण पाठसंशोधन म्हणू. पण १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, तोवर ‘संशोधन’ जुन्या कागदांच्या शोधाकडे वळले होते. ‘सुधारणा’ आगरकरांच्या पिढीपासून समाजाला चिकटली. (कायद्यांच्या नावांत ती कंसात असते, ते वेगळे.) त्यामुळे हिंदीत संविधानाचे ‘संशोधन’ होते, आपल्याकडे ‘घटनादुरुस्ती’. वास्तविक १९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींचा नवा भागच घातला. तिथे मोडलेले काही जोडायचे नव्हते. शब्द इथे बराच ताणला गेला आहे.

महसूल खात्यात तो ताणून चालत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली अधिकार अभिलेखातील लेखनप्रमाद दुरुस्त होतात. हितसंबंधितांनी कबूल केलेली चूकही सुधारता येते आणि तपासणीत अधिकाऱ्याला आढळलेलीही. मात्र अधिकाऱ्याला आढळलेल्या चुकीसाठी आधी संबंधितांना नोटीस द्यावी लागते. मालकीचा वाद या कलमाने मिटत नाही.

समजा, वारसनोंदीच्या मंजूर फेरफारात बहिणीचे नाव आहे, पण संगणकीकरणात ते सातबाऱ्यावर उतरलेच नाही. ही दुरुस्ती. फेरफारातच तिचे नाव घातले नसेल आणि भाऊ ती चूक मानत नसतील, तर सातबारा तसाच दिसतो, गळलेले नावही तेच. पण तिला अपिलात किंवा दिवाणी न्यायालयात जावे लागते. अर्जावर ‘नाव दुरुस्तीबाबत’ असा विषय दोघी जणी लिहितात.