दरवाजा कोणाच्या हुकमाने उघडतो?

‘प्रिझन आर्किटेक्ट’ हा तुरुंग उभारून तो चालवण्याचा ब्रिटिश संगणकीय खेळ २०१५ मध्ये पूर्ण स्वरूपात बाजारात आला. त्यात कैद्याला कोठडीतून जेवणाच्या दालनात न्यायचे, तर वाटेतले कुलूपबंद दार पहारेकऱ्याने येऊन उघडावे लागते, आणि तो येईपर्यंत सगळे खोळंबतात. म्हणून दाराला मोटार जोडून ते नियंत्रण कक्षातून उघडण्याची सोय खेळातच आहे. त्यापुढे जाऊन, दारांनी ठरल्या वेळी आपोआप उघडावे आणि मिटावे, अशी मागणी सुचणेही स्वाभाविक आहे. दार उघडणे हे वेळखाऊ अंगमेहनतीचे काम आहे, ते यंत्राकडे सोपवले की प्रश्न मिटला, असे या मागणीत गृहीत धरलेले असते. आपल्या नांदेड आणि लातूर भागातल्या दरवाजांचा इतिहास पाहिला तर हे गृहीत अपुरे ठरते. दार हलवण्याचे कष्ट कमी करण्याची खटपट शतकानुशतके चालली. पण ते उघडण्याचा अधिकार आणि त्याची जबाबदारी माणसाकडेच ठेवावी लागली.

नांदेड जिल्ह्यातला कंधार आणि लातूर जिल्ह्यातला औसा हे दोन्ही भुईकोट किल्ले. डोंगराचा आसरा नसल्यामुळे त्यांची सारी भिस्त खंदकावर, तटावर आणि एकामागून एक येणाऱ्या दरवाजांवर. औशाच्या लोहबंदी दरवाजातून आत गेले तरी पुढे अहशमा दरवाजा असतोच. भुईकोटांच्या अशा रचनेत वाटेला वळण दिलेले असते, म्हणजे हत्तीला धाव घेऊन दारावर धडक मारता येत नाही, आणि दोन दारांमध्ये सापडलेला शत्रू तटावरच्या माऱ्यात येतो. भिंतीतल्या खोबणीतून आगळ ओढली की भलेमोठे दार आतून पक्के होते. रोजच्या ये-जा करणाऱ्यांसाठी मोठ्या दारात छोटी दिंडी असते. तिच्यातून एका वेळी एकच माणूस वाकून आत येतो, आणि बाजूच्या देवडीतला पहारेकरी त्याला निरखून घेतो. मोजक्या माणसांनी मोठा जमाव आवरावा, ही सोय बांधकामातच केलेली होती.

एवढी भक्कम योजना असूनही हे किल्ले पडले. मोगलांनी १६३१ मध्ये कंधार आणि १६३६ मध्ये उदगीर व औसा घेतले. वेढे पडले, सुरुंग लावले गेले. तरी शेवटी किल्ला हाती आला तो आतल्या अधिकाऱ्यांनी शरणागती पत्करल्यावर. लाकडा-लोखंडाच्या ताकदीची एक मर्यादा होती, त्यापुढे किल्लेदाराचा निर्णय होता. हे मराठी राज्यकर्त्यांनी नीट ओळखले होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीत शिवकालीन किल्ल्यांची व्यवस्था दिली आहे. तिच्यात एका गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे अधिकारी नेमून अधिकार वाटून दिलेला दिसतो, तो एकट्या माणसाला किल्ला शत्रूच्या हवाली करता येऊ नये यासाठी. संध्याकाळी दरवाजे स्वतः बंद करून घेणे आणि किल्ल्या आपल्याजवळ राखणे हे हवालदाराचे काम. पहाऱ्याला माणसे भरपूर असतानाही हे काम कनिष्ठाकडे सोडलेले नव्हते, कारण दरवाजा उघडा सापडला तर जाब कोणाला विचारायचा हे आधीच ठरलेले असावे लागते.

तुरुंगाने किल्ल्याची एकामागून एक दरवाजांची युक्ती उचलली आणि तिची दिशा उलटी केली. बाहेरच्याला अडवण्याऐवजी आतल्याला अडवायचे. आपल्याकडच्या कारागृहाच्या प्रवेशाशी आजही दोन दरवाजे असतात आणि ते दोन्ही एकाच वेळी उघडे ठेवायचे नाहीत, असा दंडक आहे. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झालेल्या १८९४ च्या तुरुंग कायद्यात द्वारपालाच्या कर्तव्यांसाठी वेगळे कलम आहे. आत-बाहेर जाणारी वस्तू तपासण्याचा आणि संशयिताची झडती घेण्याचा अधिकार ते त्याला देते. मराठवाडा तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता, आणि तिथल्या तुरुंगांनी दरवाजाची दुसरी बाजू दाखवली. उदगीरचे आर्यसमाजी कार्यकर्ते भाई श्यामलाल १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगात मरण पावले. ज्यांच्या नावाने आज नांदेडचे विद्यापीठ ओळखले जाते, त्या स्वामी रामानंद तीर्थांना निजामाच्या तुरुंगात पुन्हा पुन्हा जावे लागले. माणूस दारातून कोणत्या अवस्थेत आत गेला आणि कोणत्या अवस्थेत बाहेर आला, याचे उत्तर राज्याने दिलेच पाहिजे. ते उत्तर मागायचे तर दाराशी नोंद हवी, आणि त्या नोंदीखाली कोणाची तरी सही हवी.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. माणूस थकतो, लाच घेतो, घाबरतो. २१ एप्रिल १९३० रोजी अमेरिकेत ओहायोच्या तुरुंगाला आग लागली, तेव्हा कोठड्या वेळेत उघडल्या गेल्या नाहीत आणि तीनशेहून अधिक कैदी मेले. एका कळीने सगळ्या कोठड्या उघडण्याची सोय असती आणि ती वेळीच वापरली असती, तर त्यांतले कितीतरी जीव वाचले असते. म्हणून यंत्र हवेच. पण त्या रात्री ‘आता दारे उघडा’ हा हुकूमही वेळेवर निघायला हवा होता. यंत्र हुकमाची अंमलबजावणी जलद करते; हुकूम द्यायला उशीर झाला तर तो भरून काढत नाही.

दुसरा आक्षेप असा की, आता हुकूमसुद्धा यंत्रालाच देऊ द्यावा. धूर दिसला की त्याने दार उघडावे, गोंधळ झाला की बंद करावे. १३ जून २०१३ रोजी मायामीतल्या एका कडेकोट तुरुंगात एका विभागातल्या कोठड्यांची दारे एकाएकी उघडली आणि एका कैद्यावर इतर कैदी चालून गेले. तिथे दारे संगणकाच्या ताब्यात होती. यंत्र बिघडल्यावर दार उघडे राहावे की बंद, हा प्रश्न आपल्या भागाला परका नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. तशा क्षणी वीज जाते, तारा तुटतात, चौकटी आवळतात. कुलूपबंद कोठडीतल्या माणसाला स्वतःच्या पायांनी बाहेर धावण्याचीही मुभा नसते. ज्याची ही मुभा आपण काढून घेतली, त्याला वाचवण्याची जबाबदारी त्या क्षणी पूर्णपणे आपली असते.

त्यामुळे खेळात स्वयंचलित दारे जरूर असावीत, पण त्यांच्यासोबत तीन नियम असावेत. लागोपाठची दोन दारे एकाच वेळी उघडू नयेत; हे कारागृहाच्या प्रवेशाने शिकवले आहे. वीज गेली तर हाताने उघडता येईल अशी चावी एका ठरलेल्या अधिकाऱ्याकडे असावी. हे हवालदाराच्या कामात होते. आणि प्रत्येक उघडझाप कोणाच्या हुकमाने झाली, हे खेळाडूला नंतर पाहता यावे. असा खेळ खेळणाऱ्याला कळेल की तुरुंगात सर्वांत अवघड काम भिंत बांधणे नव्हे. बंद माणसासाठी दार केव्हा उघडायचे हे ठरवणे आणि त्या निर्णयाचा जाब देणे हे त्याहून अवघड आहे, आणि तेवढे काम खऱ्या तुरुंगातही यंत्रावर ढकलता येणार नाही.