मडकं कुणी कुणी फोडलं?

नंदुरबारच्या स्थानिक बातम्यांत एक मजकूर वर्षातून बऱ्याचदा दिसतो. नाल्याकाठच्या हातभट्टीवर छापा, इतके लिटर सडवा जागीच नष्ट, गुन्हा दाखल. सोबत फोटो: आडवा केलेला पिंप आणि मागे रांगेत उभे पोलीस. बरीच वर्षं मला सडवा म्हणजे काहीतरी सडलेलं, विषारी वाटायचं. शब्दच तसा आहे ना! पण सडवा म्हणजे फक्त आंबवलेला द्रव. बियर करताना बार्लीचं जे होतं तेच इथे मोहाच्या फुलांचं होतं. मोठ्या शहरांत त्याला ब्रूअरी म्हणतात आणि लोक पैसे भरून ती बघायला जातात.

आमच्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला नर्मदा, खाली सपाटीवर तापी, आणि दोघींच्या मधे सातपुडा. बार्ली इथे कुणी पेरत नाही. इथे मोह आहे. मार्च-एप्रिलमध्ये रात्रभर फुलं गळतात आणि पहाटे घरातली बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. उन्हात वाळवलं की फूल मनुक्यासारखं होतं. त्याच्या निम्म्याहून अधिक वजन साखरेचंच असतं. म्हणून ते भाजून खातात, गुरांना घालतात. धान्य संपलं की अनेक घरांनी त्यावर दिवस काढलेत. दारू हा मोहाचा एक उपयोग झाला, एकमेव नव्हे.

दारू करायची तर वाळलेली फुलं मडक्यात पाण्यात भिजत घालतात. चार-सहा दिवसांत बुडबुडे येतात, आंबूस वास सुटतो. इथवर ती बियरची बहीणच. पुढे मडकं चुलीवर चढतं, तोंड लिंपून बंद होतं आणि वाफ नळीतून थंड भांड्यात उतरवली जाते. मद्यार्क पाण्याच्या आधी, ७८ अंशांच्या आसपास उकळतो, त्यामुळे सुरुवातीला उतरते ती सगळ्यात कडक. 'पहिल्या धारेची' हा शब्द आपण कशालाही लावतो, तो या चुलीवरून आलाय. जाळ जास्त झाला की नुसतं पाणी येतं. जाळ राखणं हेच खरं कसब.

ही दारू लग्नात लागते, मयतीला लागते, देवाला लागते. प्यायच्या आधी चार थेंब जमिनीवर सांडायचे, पूर्वजांसाठी. महाशिवरात्रीला आमच्याकडच्या अक्कलकुवा-तळोद्याहून लोक सीमेपलीकडच्या देवमोगऱ्याला याहामोगी मातेच्या यात्रेला जातात. तिथे नवं धान्य वाहतात आणि मोहाची धारही. देवमोगरा गुजरातमध्ये आहे. म्हणजे दारूबंदीच्या राज्यात देवीला दारूचा नैवेद्य. देवीचा परवाना तपासायची हिंमत कोण करणार?

तपासणी सुरू केली इंग्रजांनी. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हा ठरला. दारू सरकारमान्य भट्टीत गाळायची, ठेकेदाराने दुकानातून विकायची आणि कर तिजोरीत जायचा. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी तर मोहाच्या फुलांवरच कायदा आला. फूल झाडाचं, झाड रानातलं, पण वेचलेलं फूल घरात किती ठेवायचं ते सरकार सांगणार! या कायद्यांमागे कुणाच्या तब्येतीची काळजी नव्हती. महसूल हवा होता. कालपर्यंत जी गोष्ट घरी, सणापुरती होत होती, ती आता दुकानात, रोज आणि उधारीवर मिळू लागली. उधारी फिटत नाही, मग धान्य जातं, मग जमीन.

हे आदिवासींना कळत नव्हतं असं समजू नका. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून एक देवी निघाली. माणसांच्या अंगात येऊन ती सांगायची की दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा. डांग, दक्षिण गुजरात करत ती लाट खानदेशाच्या पश्चिम भागातही आली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. देवीच्या आदेशात दारूविक्रेत्या पारशांवरचा बहिष्कारही होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. न पिणं हा दुकानदाराविरुद्धचा संपच होता.

त्यानंतर पंधराएक वर्षांनी तळोद्याजवळच्या मोरवडला गुलाम महाराज उभे राहिले. सोमवारी आरती, दारू बंद, आणि एकमेकांना 'आप' म्हणायचं. ज्यांना आयुष्यभर सगळे 'ए, अरे' म्हणत आले, त्यांनी आपल्याच बायकोला, शेजाऱ्याला 'आप' म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. हजारो भिल्ल जमू लागले. १९३८ मध्ये महाराज वारले आणि भाऊ रामदास महाराजांनी काम पुढे नेलं. एवढी माणसं न पिता, शांतपणे जमतायत याची सरकारला धास्ती वाटली.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. मडकं पुन्हा गुन्हेगारच राहिलं. जंगलात लपलेल्या भट्टीत मोहाच्या जागी काळा गूळ आणि नवसागर शिरला. ही दारू देवाची नव्हती, धंद्याची होती.

१९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती, कुमार शिराळकर आणि कितीतरी जण. लढा गेलेल्या जमिनींचा आणि मजुरीचा होता. पण बायकांच्या शिबिरात विषय निघाला तो दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यांचा. बोलून त्या थांबल्या नाहीत. उठल्या, भट्ट्यांवर गेल्या आणि मडकी फोडली. मारणाऱ्या नवऱ्यांना गावासमोर उभं करून जाब विचारला. दिवसभर राबून आणलेली मजुरी संध्याकाळी कुठे जिरते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? भट्टी लावून पोट भरणाऱ्यांतही बायका असतात, आणि ती फुटलेली मडकी कुणाच्या चुलीवरची होती हा प्रश्न मला अजून टोचतो. तरीही मी त्या वेळी तिथे असतो, तर फोडणाऱ्यांच्याच बाजूने उभा राहिलो असतो.

त्याच काळात मुंबईत सरकार काय करत होतं? महाराष्ट्र देशी दारू नियम, १९७३. देशी दारूच्या परवान्यांची, दुकानांची व्यवस्था. शहाद्यात मडकी फुटत होती आणि राज्याच्या कागदांवर दुकानं उघडत होती.

आता नर्मदेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या अलीराजपूरला, मोहाची दारू 'हेरिटेज' म्हणून बाटलीत भरली जाते. आदिवासी बचतगट ती गाळतात, लेबल लावतात, सरकार कौतुक करतं. फुलं तीच, जाळ तोच, पलीकडची माणसंही बऱ्याचदा आमच्याकडच्यांची सोयरीच. अलीकडच्या काठावर यंदाही मार्चमध्ये फुलं गळतील, टोपल्या भरतील, आणि मे महिन्यात बातमी येईल: नाल्याकाठी छापा, सडवा जागीच नष्ट.