कुंडीतला अडुळसा

परवा सकाळी दाराची बेल वाजली. शेजारच्या विंगमधली मुलगी उभी होती. "काकू, तुमच्या अडुळशाची चार पानं देता का? आठवडा झाला, खोकला जातच नाहीये. आणि या दिवसांत गोळ्या नको वाटतात हो. काढा कसा, आपला घरचा!"

'या दिवसांत' म्हणजे तिला पाचवा महिना लागलाय.

मी कात्री घेऊन बाल्कनीत गेलेसुद्धा. आणि कुंडीपाशीच थबकले. आजीचं एक वाक्य अचानक आठवलं. "पोटुशी बाईला अडुळसा द्यायचा नाही हं." का नाही, ते तिने सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मी पानं दिली नाहीत, तिला तिच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. बिचारी जरा हिरमुसलीच. चार पानांसाठी काकूंनी नाही म्हणावं?

दुपारी पुस्तकं काढून बसले. अडुळशात वासिसिन नावाचं द्रव्य असतं. खोकल्याच्या औषधांमध्ये असणारं ब्रोमहेक्झिन त्याच्याचवरून तयार केलं गेलं. म्हणजे आजीचा काढा काही भाबडा नव्हता. पण तेच वासिसिन गर्भाशयाचं आकुंचनही घडवू शकतं. म्हणजे आजीची अटही भाबडी नव्हती!

खरं सांगायचं तर मला आनंद होण्याऐवजी भीती वाटली. ही एक अट आठवली. न आठवलेल्या किती असतील? आजीच्या परसातली तुळस, गवती चहा, कोरफड, ओवा सगळं माझ्या बाल्कनीत आलंय. आजी नाही आली.

आपल्याकडच्या झाडांबद्दल विचारून, लिहून ठेवणारी माणसं झाली नाहीत असं नाही. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला तो कायमचाच. १५६३ साली त्याचं इथल्या औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. गंमत म्हणजे ते सगळं संवादात आहे. ओर्ता आणि त्याने कल्पिलेला रुआनो नावाचा पाहुणा वैद्य गप्पा मारतात. मधूनच घरातल्या आंतोनिया नावाच्या दासीला हाक जाते, अमुक घेऊन ये, तमुक घेऊन ये. ती आणून देते, आणि दोघा विद्वानांच्या गप्पा पुढे सुरू होतात. ते वाचताना मला मात्र आंतोनियाच दिसत राहते. तिला स्वतःला त्या पानाफळांबद्दल काय काय ठाऊक होतं?

ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जाळलं आणि १५८० साली त्याचीही हाडं उकरून जाळली. पण १५६७ सालीच त्याच्या पुस्तकाचा लॅटिन अवतार युरोपात निघाला होता. हाडं जळली, लिहिलेलं राहिलं.

त्याच शतकात पोर्तुगिजांच्या जाचामुळे गोव्यातली कितीतरी कोकणी कुटुंबं दक्षिणेला कोचीकडे गेली. पुढे शंभरेक वर्षांनी तिथे डच कमांडर हेंड्रिक व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ करायला घेतला, 'होर्टुस मलाबारिकुस'. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये त्याचे १२ खंड निघाले, सातशेच्या वर वनस्पतींचे. त्याला माहिती दिली ती इट्टी अच्युदन या मलयाळी वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तिघा कोकणी ब्राह्मणांनी. पहिल्या खंडात या सगळ्यांच्या १६७५ सालच्या साक्षी छापल्या आहेत, आणि तिघांची साक्ष कोकणीत, चक्क देवनागरी अक्षरांत आहे! सांगणाऱ्यांची नावं ग्रंथात राहिली, हे मला त्या बारा खंडांइतकंच मोठं वाटतं.

आमच्या घरात ना कोणी ऱ्हीड आला, ना कोणी विचारायला बसलं. आजी म्हणजे आमची आंतोनियाच. हाक मारली की काढा हजर. तो किती, कोणाला, किती दिवस आणि मुख्य म्हणजे कोणाला नाही, हे तिच्या डोक्यात. झाड फांदी लावून जगतं. अट तशी जगत नाही, ती कोणीतरी कोणालातरी सांगावी लागते.

कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघरी उकळत होते. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. तो वाद तज्ज्ञांचा, मी त्यात पडत नाही. मला एवढंच वाटलं, की त्या काढ्यांबरोबर किती घरांत 'किती दिवस आणि कोणाला नाही' हेही आलं असेल?

असो. संध्याकाळी मावशीला फोन लावला. आजीच्या हाताखाली वाढलेली ती आता एकटीच उरलीय. "मावशी, मी वही घेऊन बसलेय. सांग." ती हसली. "अगं, त्यात लिहायचं काय? सगळ्यांना ठाऊक असतं ते."

"नाही गं मावशी, कोणालाच ठाऊक नाही."

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "बरं, लिही. पोटुशीला कोरफडसुद्धा पोटात द्यायची नाही."

मी वहीत दोन रकाने आखलेत. 'कशावर' आणि 'कोणाला नाही'. दुसरा मुद्दाम रुंद ठेवलाय. मावशी सांगेल ते डॉक्टरांनाही विचारून घेणार आहे. आणि वहीच्या पहिल्या पानावर आजीचं नाव घातलंय, पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट.