मुकर्रर तारखेची परंपरा

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या अमलाखाली आल्यानंतर, आज वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात मोडणाऱ्या केनवडसारख्या गावाला एकीकडे सरकारी साऱ्याच्या हप्त्याची ठरलेली मुदत आणि दुसरीकडे पावसावर अवलंबून असलेली मृगाची पेरणी या दोहोंचा जाच सोसावा लागे. मुक्त संगणक-प्रणालींच्या निर्मात्यांपुढेही, जरी त्यांच्यावर कोणा अंमलदाराचा हुकूम चालत नसला, तरी ठरल्या तारखेला चालावे की काम पक्व होईपर्यंत थांबावे, हाच पेच कालांतराने उभा राहिला. काम सर्वांगी निर्दोष झाल्यावाचून ते प्रसिद्ध करावयाचे नाही, असा डेबियन या मुक्त प्रणालीचा बाणा होता, आणि त्यापायी २००२ च्या जुलैनंतरची पुढील आवृत्ती २००५ च्या जूनमध्ये निघाली. नोम या मुक्त डेस्कटॉप-प्रकल्पाने मात्र दर सहा महिन्यांची तारीख मुकर्रर केली. जो भाग तयार नसेल तो पुढील आवृत्तीसाठी तहकूब राही, आणि प्रकाशनापूर्वी काही आठवडे पडद्यावर दिसणारा इंग्रजी मजकूर गोठविला जाई, जेणेकरून भाषांतरकारांच्या पायांखालची भूमी स्थिर राहावी. पुण्यात आणि अन्यत्र मराठी भाषांतर करणाऱ्यांना ही सवलत अमोल होती, कारण अखेरच्या घटकेला बदललेले एक वाक्यही पडद्यावर इंग्रजीच उरते. हीच तारखेची शिस्त पाळणाऱ्या उबुंटू या प्रणालीने मात्र २००६ साली एप्रिलची आवृत्ती चाचणी, भाषांतर व परिष्करण यांसाठी सहा आठवडे लांबवून १ जूनला काढली. माझ्या मते तो निर्णय सर्वथा योग्य होता. केनवडच्या ज्या तरुणांना या कार्यात हात घालावयाचा असेल, त्यांनी प्रथम मजकूर गोठविण्याची तारीख विचारून घ्यावी व आपले भाषांतर अखेरच्या आठवड्यावर ढकलू नये.