कुकडीकाठचे पाणी आणि मद्याचा परवाना

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातल्या निमगाव सावासारख्या गावात विहीर शेतकऱ्याची, पीकही त्याचेच. ते आंबवून मद्य करण्याची मोकळीक मात्र जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच आटली. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्यांची जागा परवानेदार आणि सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांना दिली. हेतू उघड महसुलाचा होता. 1949 च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने त्या जागी नीतीचा हेतू आणला. शेतकऱ्याच्या दृष्टीने फरक थोडाच. चोरून चालली ती काळ्या गुळाची, नवसागराची हातभट्टी.

कायदेशीर वाट उघडली ती द्राक्षांमुळे. मोटेच्या पाण्यावर जगणाऱ्या या भागाला कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज आदी धरणांनी बागायतीचे बळ दिले. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी हे बागेचे वर्षाचे गणित ठरले. 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावजवळ 'शॅटो इंडाज' ही वाइनरी उभी केली आणि फ्रेंच तंत्रज्ञांच्या सल्ल्याने बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली फेसाळ वाइन 'ओमर खय्याम' या नावाने परदेशी पाठवली. खाण्याच्या द्राक्षाला टपोरा मणी लागतो, वाइनच्या द्राक्षाला लहान मणी आणि दाट गोडी. म्हणून तोडणीच्या आधी पाणी कमी करावे लागते. वाइनमधले पाणी वेलीनेच जमिनीतून आणलेले असते, वेगळे घालावे लागत नाही.

2001 च्या राज्य धोरणाने वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क काढले. उद्योगाचे केंद्र नाशिककडे सरकले. 2008 च्या मंदीनंतर इंडाज कर्जात बुडाली.

बिअरचे गणित वेगळे. तिच्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे विहीर बदलली की चव बदलते. दख्खनच्या काळ्या पाषाणातले पाणी बहुधा जड असते. त्यातली क्षारता फिक्या लागरला बाधते, भाजलेल्या मॉल्टच्या गडद बिअरला मात्र चालून जाते. बार्लीचा मॉल्ट आणि हॉप्स बाहेरून आणावे लागतात, म्हणजे खरी गावची असते ती पाण्याची चव. अशी बिअर घरी करण्याची मोकळीक इतर देशांत मिळाली: ब्रिटनने घरगुती वापराच्या बिअरवरची परवान्याची अट 1963 मध्ये काढली, अमेरिकेने 1978 मध्ये संघराज्याच्या पातळीवर कायदा सैल केला. पुण्यात 2009 मध्ये 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, पण ती परवानेदार व्यवसाय म्हणून. 1949 चा कायदा, आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने, लागू आहे. स्वतःच्या विहिरीच्या पाण्याची बिअर घरी विनापरवाना करणे त्याखाली आजही गुन्हाच आहे.