माफीनाम्यात न बसलेला भागोजी

पुण्याहून सिन्नरला घरी निघालो की संगमनेरनंतर नांदूर शिंगोटे लागतं. मी कित्येक वर्षं तिथून सुसाट निघून जायचो. ह्याच रस्त्यावर नजर ठेवून 1857 मध्ये भागोजी नाईक पन्नासेक भिल्ल घेऊन बसला होता, हे मला फार उशिरा कळलं.

हा भागोजी मुळात सरकारी माणूस, अहमदनगर पोलिसांतला अधिकारी. 1855 मध्ये दंगल आणि पोलिसांना अडथळा ह्या आरोपांवरून त्याला शिक्षा झाली. ती त्याने भोगली. सुटल्यावर वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला, तोही काळ पार पडला. म्हणजे हिशोब मिटला ना? तेवढ्यात सरसकट हत्यारं काढून घ्यायचा हुकूम निघाला आणि भागोजीने गाव सोडलं.

4 ऑक्टोबर 1857 ला पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री नांदूरला आला. शरण ये, असा निरोप मामलेदारांमार्फत गेला. भागोजीच्या अटी काय होत्या माहितीये? दोन वर्षांचा थकलेला पगार आणि पोटापाण्याची सोय. बस्स! आपल्या भाषेत 'फुल अँड फायनल सेटलमेंट'. हेन्रीने बोलणी थांबवून चढाईचा हुकूम दिला, आणि त्या चकमकीत तो स्वतःच मारला गेला. मग नगर-नाशिकचे भिल्ल पेटले.

वर्षभराने, 1 नोव्हेंबर 1858 ला, राणीचा जाहीरनामा आला. शाळेत आपण ह्याला 'सर्वांना माफी' एवढंच शिकलो. बारीक अक्षरं वाचा: ब्रिटिश प्रजाजनांच्या खुनात प्रत्यक्ष भाग घेतल्याचं ज्यांच्यावर सिद्ध झालं वा होईल, त्यांना माफी नाही. उठावाच्या पुढाऱ्यांना फक्त जिवाची हमी. बाकीच्यांनी 1 जानेवारी 1859 च्या आत घरी परतायचं. आता भागोजी परतला असता तर हेन्रीचा मुडदा आधी कोर्टात उभा राहिला असता. गोळी कोणाची हे कोण तपासत बसणार? आणि शिक्षा भोगूनही पाठ सुटत नाही, हे त्याने 1855 नंतर पाहिलेलंच होतं. माझ्या मते त्याच्या जागी कोणीही डोंगरच धरला असता.

1859 च्या जुलैमध्ये मुलगा यशवंत चकमकीत गेला. 11 नोव्हेंबर 1859 ला सिन्नर तालुक्यातल्याच मिठसागरला फ्रँक सूटरच्या तुकडीने भागोजीला गाठलं आणि तो तिथेच लढताना पडला. थकलेला पगार राहिलाच.